मॉनिटरच्या मॅडम

शाळेत पीटीच्या तासाला ज्यांच्या हमखास पोटात दुखायचं, त्या मुलांपैकी मी एक. त्यामुळे पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस घेतलं आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाई निवृत्त पीटी टीचर आहेत असं कळलं, तेव्हा इतक्या वर्षांनीही पोटात बारीक कळ येऊन गेली. पहिल्याच सकाळी दूध आणायला बाहेर पडलो तर शेजारच्या फाटकातून खणखणीत आवाज आला.

"नवीन का? आडनाव?"

"देवरे."

"देवरे, खांदे पाडून चालू नका. माझ्यासारखं होईल."

मी वळून पाहिलं. लहान चणीच्या, काटक बाई. सलवार-कमीज, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, कमरेला रुंद पट्टा, मानेला दुसरा पट्टा आणि त्या पट्ट्यावर लोंबणारी शिट्टी. समोर कंपाऊंडच्या बुटक्या कट्ट्यावर तांबूस रंगाचा एक भलामोठा लॅब्रॅडॉर उभा होता आणि बाई त्याच्या गळ्यात तिसरा पट्टा अडकवत होत्या.

"आमच्या घरात तीन पट्टे आहेत. दोन माझे, एक मॉनिटरचा," त्या म्हणाल्या. "तिन्ही चढले की आम्ही निघतो."

ह्या गांगुर्डे मॅडम. आठवड्याभरात त्यांनी मला अहो-जाहो करणं सोडलं, आडनावानं हाक मारणं मात्र कधीच सोडलं नाही. त्यांच्या लेखी सगळी कॉलनी एक वर्ग होती आणि रोज सकाळी हजेरी घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

कुत्र्याचं कागदोपत्री नाव रॉकी. मुलगा अमोल इंजिनिअरिंगला असताना त्यानं हौसेनं पिल्लू आणलं, हौसेनं नाव ठेवलं आणि मग नोकरी लागून पुण्याला निघून गेला. असं पिल्लू आईच्या गळ्यात पडायचंच, तसं पडलं. पिल्लानं पहिल्या महिन्यात सोफा फाडला, गांगुर्डे सरांचा, म्हणजे मॅडमच्या यजमानांचा, चष्मा चावला आणि गॅस सिलिंडरची रबरी नळी कुरतडली. मॅडमनी त्याच दिवशी त्याचं नाव बदलून मॉनिटर ठेवलं.

"वर्गात सगळ्यात जास्त मस्ती करणारा पोरगा असतो ना, त्यालाच मॉनिटर करायचं," त्यांनी मला समजावलं. "जबाबदारी आली की सुधारतो."

"सुधारला का?"

"अजून टर्म संपलेली नाही."

सर गेले तेव्हा मॉनिटर दीड-दोन वर्षांचा असेल. मॅडमचं दुखणं त्याहून जुनं. शाळेत सव्वीस जानेवारीला मुलांचे मनोरे रचायचे, आणि वरचं पोर घसरलंच तर झेलायला मॅडम खाली उभ्या राहायच्या. एकदा एक गुटगुटीत पोर खरंच घसरलं. मॅडमनी झेललं. पोराला खरचटलंसुद्धा नाही, पण मॅडमची मान आणि कंबर त्या दिवसापासून जी धरली ती धरलीच. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही "त्याला काही झालं नाही ना, मग झालं" एवढ्यावर उडवून लावली.

मानेला त्या थोरली म्हणत आणि कमरेला धाकटी. दोघी एका घरात नांदणाऱ्या जावा. दोघींचं एकमेकींशी पटत नाही, पण मॅडमना छळायचं म्हटलं की लगेच एक होतात. "कशा आहात मॅडम?" असं विचारलं की उत्तर यायचं, "थोरली बरी आहे. धाकटी सकाळपासून रुसलीय, हात लावू देत नाही." कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्या एका सूनबाईंनी हे दोन-तीनदा ऐकलं आणि होळीला मॅडमकडे तिघींना पुरतील एवढ्या पुरणपोळ्या पाठवल्या. वर निरोप, की धाकट्या ताईंची तब्येत बरी नसते, त्यांना दुधात कुस्करून द्या. मॅडमनी डबा परत देताना त्या मुलीचा गैरसमज काही दूर केला नाही. पुढच्या होळीलाही पोळ्या तेवढ्याच आल्या. तिसऱ्या वर्षी माझ्या बायकोनं त्या मुलीला खरं काय ते सांगितलं, तेव्हा मॅडम माझ्या बायकोवर दोन दिवस रागावून होत्या.

वाकणं त्यांना पूर्ण बंद होतं. त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू उचलून त्यांच्या हाताच्या उंचीला आणलेली होती. चपला दुसऱ्या फळीवर. गॅस सिलिंडर बदलायला आलेल्या माणसाला त्या आधी "हे जरा वर ठेव, ते जरा वर ठेव" अशी चार कामं लावत. मॉनिटरची ताटली जुन्या घडवंचीवर. त्याला पट्टा घालायचा, अंग पुसायचं, कानात औषध टाकायचं तर तो कट्ट्यावर चढायचा. "मी खाली येणार नाही. ज्याला माझ्याकडे काम असेल त्यानं वर यावं," हा नियम होता आणि तो माणसांना आणि जनावरांना सारखाच लागू होता. जमिनीवर जे पडेल ते मॉनिटरच्या खात्यात जमा. चमचा, पेन, औषधाची पट्टी तो तोंडात धरून वर आणून द्यायचा. पोळी पडली तर ती मात्र कधी वर आल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदनेला सगळे खाली वाकत. मॅडम मागच्या रांगेत खुर्चीवर हात जोडून ताठ बसायच्या. त्यांच्या एका नात्यातल्या बाई हळहळल्या, "निर्मलाताईला किती वाईट वाटत असेल, नाही का?" मॅडमनी समोरच्या मूर्तीकडे बोट दाखवलं. "तेही ताठच बसलेत की."

मानेची तऱ्हा वेगळीच. ती बाजूला वळत नसे. मागून कोणी हाक मारली तर मॅडमना अख्खं अंग वळवावं लागे, आणि हे काम त्या शाळेच्या शिस्तीतच करत. आधी थांबायचं, मग एका पायाच्या टाचेवर आणि दुसऱ्याच्या चवड्यावर 'पीछे मुड'. आम्हाला हे माहीत नव्हतं तोवर आमच्या कॉलनीत त्यांच्याबद्दल बरंच बोललं जाई. विशेषतः आहेर काका. हे कळवणकडचे, शेती भावाकडे सोपवून मुलाजवळ नाशकात येऊन राहिलेले. रोज सकाळी ते शेजारून जाताना "रामराम मॅडम" म्हणत आणि मॅडम सरळ पुढे बघत निघून जात.

"लय ऐट हाय बाईला," ते मला म्हणाले. "मान म्हनून वाकडी करत नाय."

"काका, मान वाकडी होत नाही त्यांची. पट्टा बघितला नाही का?"

काकांनी पट्टा पाहिला होता. पण तो कुठल्यातरी ड्रेसचा भाग असेल असं त्यांना वाटलं होतं. शहरातल्या बायका काय काय घालतात त्याचा नेम नाही, असं त्यांचं मत. खरं कळल्यावर काका इतके ओशाळले, की दुसऱ्या दिवसापासून मॅडमच्या पुढे धावत जाऊन, तोंडासमोर उभं राहून रामराम घालू लागले. मॅडम म्हणाल्या, "आहेर, एवढं पळू नका. मॉनिटर सांगतो मला मागे कोण आहे ते."

ते खरंच होतं. मागून हाक आली की मॉनिटर मान वळवून बघायचा. शेपूट जोरात हलली म्हणजे मी, मंद हलली म्हणजे आहेर काका, अजिबात हलली नाही म्हणजे मेंटेनन्सचे पैसे मागायला आलेले सेक्रेटरी. सेक्रेटरी असले तर मॅडम वळायचे कष्ट घेत नसत.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. पण मी त्यांना भिंतीला हात लावून, डोळे मिटून, दात आवळून उभं राहिलेलंही पाहिलंय. उसण भरली की त्या जिथे असतील तिथे थांबत, भर रस्त्यात, भाजीच्या गाडीसमोर, कुठेही. चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरून जाई. जवळ जाऊन काही विचारलं तर डोळे न उघडता बोट वर करत, गप्प राहा म्हणून. कळ गेली की पुन्हा चालू लागत. मला ते बघवत नसे.

डॉक्टरांचं म्हणणं असं, की रोज चाललंच पाहिजे, नाहीतर अंग आखडून जाईल. सर गेल्यावर काही महिने मॅडमनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा त्यांना खरंच अंथरुणातून उठता येईना. मग मॉनिटरनं दाराला नखं मारायला सुरुवात केली. त्याला बाहेर जायचं होतं, आणि त्याला न्यायला घरात दुसरं कोणीच नव्हतं. "मी काही स्वतःसाठी उठले नाही," मॅडम म्हणायच्या. "ह्याच्यासाठी उठले. ह्याच्यासाठीच रोज दार उघडते." कमरेच्या पट्ट्याचा चरचर आवाज झाला की मॉनिटर उडी मारून कट्ट्यावर हजर व्हायचा. तो आवाज आमच्या घरात ऐकू येई. तो ऐकला की मी दूध तापवायला ठेवत असे.

आणि एका सकाळी ह्याच मॉनिटरनं त्यांना पाडलं. दूध केंद्राच्या वळणावर डुक्कर आडवं गेलं, मॉनिटर झेपावला, दोरी मॅडमनी मनगटाला गुंडाळलेली होती. मी आणि आहेर काका धावलो. मॅडम रस्त्यावर आडव्या, आणि मॉनिटर डुक्कर सोडून परत येऊन त्यांच्या तोंडाशी केविलवाणा उभा. हाड मोडलं नव्हतं, नशीब. पण पुढे कितीतरी दिवस त्या पाठीवर पडून होत्या. त्या काळात मॉनिटरला फिरवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे खरं तर मला फिरवायचं काम मॉनिटरकडे गेलं.

अमोल पुण्याहून आला तो ठरवूनच आला. मुलगा चांगला, आईवर जीव असलेला, आणि घाबरलेला. "आई, आज वाचलीस. एक दिवस हा तुला कायमची खाली बसवेल, मग मी काय करू?" त्यानं नामपूरच्या मामांना फोन लावला. मॅडमचे धाकटे भाऊ पंडितमामा नामपूरला कांद्याच्या व्यापारात होते, कांदे साठवायची मोठी चाळ होती त्यांची. मामांनी फोनवर एका वाक्यात विषय संपवला, "मस्त राही तो कांदाना चाळवर. राखण बी व्हई."

मी तिथेच खुर्चीवर होतो. मॅडम छताकडे बघत पडल्या होत्या आणि मॉनिटरचं डोकं पलंगाच्या कडेवर, त्यांच्या हाताखाली होतं. मग म्हणाल्या, "अमोल, मी आयुष्यभर पीटी शिकवली. माझ्या विषयात कधी कोणी नापास झालं नाही, कारण माझ्या विषयाची परीक्षा कोणी मनावर घेतलीच नाही. आता घे. मला बरी होऊ दे, महिनाभर ह्याला शिकवू दे, मग परीक्षा घे. नापास झाला तर मामाच्या गाडीत मी स्वतः चढवीन."

अमोल कबूल झाला. त्याला वाटलं, महिन्याभरात आई स्वतःच दमेल.

तो महिना आमची कॉलनी विसरणार नाही. सकाळ-संध्याकाळ ओपन स्पेसमधून शिट्टी आणि "सावधान! विश्राम! आगे बढ! थम!" दोरी आता मनगटाला न बांधता नुसती बोटांत धरलेली. समोरच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं शिट्टी ऐकून दचकून थांबायची. दुखणं वाढलं की मॅडम बाकावर बसून शिकवत. दुखेल त्या दिवशी पडून राहा असं आम्ही सक्त सांगूनही रोज बाहेर पडत. मी एकदा म्हणालो, "मॅडम, नामपूरला तो सुखात राहील हो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन सावधानमध्ये उभा राहिलो.

"तो राहील सुखात," त्या म्हणाल्या. "सकाळी मला कोण उठवणार?"

परीक्षा रविवारी सकाळी, कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये. पंडितमामांची पिकअप फाटकाबाहेर लागलेली, मागे पोतं अंथरलेलं. निम्मी कॉलनी मिसळीची पार्सलं हातात घेऊन कडेनं उभी. अमोल परीक्षक, आणि आहेर काका बाहेरून आलेले तज्ज्ञ. तज्ज्ञांनी एक दुष्ट कल्पना काढली होती. ओपन स्पेसच्या मधोमध त्यांनी एक ताजा, लुसलुशीत पाव ठेवला.

मॉनिटर सावधान झाला. विश्राम झाला. आगे बढ म्हटल्यावर मॅडमच्या पावलाशी पाऊल मिळवून चालला, दोरीला एवढीशीही ओढ नाही. पावाजवळून गेला. तोंडातून लाळेची तार लोंबली, पण गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मॅडमनी "पीछे मुड" दिलं, मॉनिटर शिस्तीत वळला, आणि वळल्यावर पाव पुन्हा समोर आला. दोरी मॅडमच्या बोटांतून सुटली. पाव खलास झाला.

"आई," अमोल खाली बघत म्हणाला, "नापास."

"अरे पण," म्हणत मॅडम वळल्या. घाईत वळल्या, नुसत्या मानेनं. इतक्या वर्षांची शिस्त त्या क्षणी विसरल्या. आणि थोरली आणि धाकटी दोघी एकदम उलटल्या. मॅडम ओपन स्पेसच्या मधोमध तशाच थिजल्या, एक हात हवेत, डोळे मिटलेले. अमोल धावला. मी ओरडलो, "हात लावू नकोस, त्यांना चालत नाही." सगळे जागच्या जागी उभे राहिले.

मॉनिटर आला. तोंडात पावाचा शेवटचा तुकडा अजून होता, तो त्यानं टाकून दिला. मॅडमच्या डाव्या पायाला अंग चिकटवून तो उभा राहिला, चारही पाय रोवून, हलला नाही. लोक कुजबुजत होते, पिकअपचं इंजिन चालू होतं, एक मांजर कुंपणावरून गेलं. तो हलला नाही. मॅडमचा हवेतला हात हळूहळू खाली आला आणि त्याच्या डोक्यावर टेकला. कळ ओसरल्यावर त्यांनी एक पाऊल टाकलं, त्यानं एक टाकलं. त्या थांबल्या, तो थांबला. असे ते दोघं बाकापर्यंत आले. शिट्टी नाही, आज्ञा नाही, दोरी मागे धुळीत लोळत होती.

अमोलचे डोळे भरले होते. "आई, हे कधी शिकवलंस त्याला?"

"हे माझ्या सिलॅबसमध्ये नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"पास हाय, पास हाय!" आहेर काका ओरडले. "पाव म्या ठेवला व्हता, चूक माझी. त्याचे मार्क कापू नका."

पंडितमामांनी पिकअप बंद केली. खाली उतरून त्यांनी बहिणीसमोर उभं राहून हात जोडले. "ताई, हाऊ तुनाच शे. मी रिकामी गाडी लई जास." मॅडम म्हणाल्या, "रिकामी कशाला, मिसळ खाऊन जा." मिसळ खाताना मॉनिटर मामांच्या मांडीवर डोकं ठेवून बसला होता. मामांनी त्याला अख्खा पाव दिला.

ह्याला वर्षं झाली. मॉनिटरचं तोंड पांढरं झालं, मागचे पाय कुरकुरू लागले. कट्ट्यावर उडी मारणं त्याला जमेना तेव्हा मॅडमनी विटांच्या पायऱ्या करून घेतल्या. काही दिवस त्या चालल्या, मग त्याही जड जाऊ लागल्या. दोघांचा वेग मात्र शेवटी अगदी जुळला. पूर्वी तो त्यांच्यासाठी थांबायचा, आता वळणावळणावर त्या त्याच्यासाठी थांबत आणि "धाकटीनं तुलाही गाठलं का रे?" असं विचारत.

गेल्या हिवाळ्यात मी घर बदललं, गंगापूर रोडला. सामान भरून टेम्पो तयार झाला. कडाक्याची थंडी होती. निघताना मॅडमना सांगावं म्हणून शेजारी डोकावलो. मॅडम जमिनीवर होत्या. कट्ट्याला पाठ टेकून, पाय लांब करून, मानेला पट्टा, कमरेला पट्टा. मॉनिटरचं डोकं त्यांच्या मांडीवर.

"मॅडम! पडलात?"

"पडले नाही. बसले."

"बसलात?"

"तो वर येईना आज. पायऱ्यांशी उभा राहून बघत राहिला माझ्याकडे." मॅडम त्याचे कान कुरवाळत होत्या, दोन्ही हातांनी, अगदी मुळापासून. इतक्या वर्षांत त्याच्या इतक्या जवळ बसलेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं. "मग म्हटलं, आपण जावं."

मी हात पुढे केला. "उठवतो तुम्हाला."

"नको, देवरे. आहेर खुर्ची आणायला गेलेत, ती धरून उठेन. घाई नाही." मग म्हणाल्या, "अमोल म्हणाला होता ते खरं झालं. शेवटी ह्यानं मला खाली बसवलंच. त्याला कळवू नकोस."

त्यांच्या पाया पडावं असं मला फार वाटलं, पण त्यांना ते आवडलं नसतं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी "येतो मॅडम" म्हणालो आणि मागे फिरलो. फाटकाबाहेर गेल्यावर राहवलं नाही म्हणून पुन्हा हाक मारली. मॅडमची मान वळणार नव्हती, आणि अख्खं अंग वळवायला त्या उभ्याही नव्हत्या. त्यांनी पाठमोऱ्या बसूनच एक हात वर केला. मांडीवरून डोकं उचलून मॉनिटरनं मात्र सावकाश मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि जमिनीवर जोरात शेपूट आपटली.

"देवरे का रे?" मॅडमनी त्याला विचारलेलं मला ऐकू आलं.